पाणी लपवा, मग तवंग दिसेल

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर डांबरगोळे आल्याची बातमी येतेच. जहाजांतून सांडलेलं किंवा गुपचूप सोडलेलं तेल लाटांत घुसळून घट्ट होतं आणि वाऱ्याबरोबर वाळूवर येऊन पडतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, तेव्हा तर कितीतरी दिवस तेलाशिवाय दुसरा विषय नव्हता. डांबर पायाला चिकटतं, म्हणून त्याचा बोभाटा होतो. पण समुद्रावर बारमाही पसरलेला तवंग वेगळाच असतो. तो इतका पातळ असतो की डोळ्यांनाच काय, सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाही. तो मोजण्यासाठी शास्त्रज्ञ न्यूट्रॉनचा झोत पाण्यावर तिरका सोडतात आणि त्यातला किती परत येतो ते पाहतात. या पद्धतीची खरी गंमत ज्या जड पाण्यावर उभी आहे, ते आपल्याकडे अलिबागजवळ थळला तयार होतं.

न्यूट्रॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अणुबॉम्ब येतो. साबणाच्या फेसाशी, ढगांशी किंवा बाळाच्या फुफ्फुसाशी त्याचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून सुरुवात जेटीपासून करू.

रंग दिसला म्हणजे तवंग जाडच

हर्णैला किंवा मिरकरवाड्याला सकाळी नौका लागलेल्या असताना कडेच्या पाण्याकडे बघा. डिझेलचे जांभळे, हिरवे, पिवळे पट्टे हलताना दिसतात. डिझेलला हे रंग नसतात. तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून थोडा प्रकाश परततो आणि खालच्या, पाण्याला टेकलेल्या पृष्ठावरून थोडा. हे दोन परतलेले प्रकाश एकमेकांत मिसळतात. जिथे दोघांच्या लाटा जुळतात तिथे तो रंग उठून दिसतो, जिथे उलट्या पडतात तिथे मावळतो. कुठला रंग उठेल हे जाडीवर ठरतं. म्हणजे तो रंगीत पट्टा खरं तर जाडीचा नकाशाच असतो.

युरोपातल्या देशांनी विमानातून तेलगळती पाहण्यासाठी बॉन करारात रंगांची एक श्रेणी ठरवली आहे. त्यानुसार इंद्रधनुषी रंग दिसले तर तवंग ३०० ते ५,००० नॅनोमीटर जाड असतो आणि नुसती रुपेरी-राखाडी झाक दिसली तर ४० ते ३०० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर गंमत वाटते. एक चौरस किलोमीटर पाणी रुपेरी दिसत असलं, तरी त्यावर तेल ४० लिटरच असू शकतं.

४० नॅनोमीटरच्या खाली मात्र डोळे हात टेकतात. प्रकाशाची लाट ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीची, तिच्यापुढे दोन नॅनोमीटरचा थर म्हणजे नसल्यासारखाच. तरीही तो तिथे असतो, आणि त्याचा पुरावा कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. वारा मंद असताना खाडीत किंवा किनाऱ्यालगत पाण्यावर मधूनच गुळगुळीत पट्टे दिसतात, आजूबाजूला बारीक लहरी आणि मध्येच इस्त्री केल्यासारखं पाणी. समुद्रातले सूक्ष्म जीव, शेवाळ, मासे यांच्यातून आलेली स्निग्ध द्रव्यं तिथे जमलेली असतात. हा थर ताणायला विरोध करतो आणि बारीक लहरी तिथेच जिरतात.

वीस गुंठ्यांवर एक चमचा

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपममध्ये एका तळ्यात चमचाभर तेल टाकलं आणि जवळपास अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. हे त्याने १७७४ मध्ये छापून सांगितलं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. चमच्यात पाच मिलिलिटर तेल धरून वीस गुंठ्यांवर पसरा, जाडी येते अडीच नॅनोमीटर. म्हणजे जेमतेम एका रेणूची उंची. हा भागाकार फ्रँकलिनने काही केला नाही.

पुढचं मोठं पाऊल एका स्वयंपाकघरात पडलं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची आग्नेस पोकेल्स कॉलेजात गेली नव्हती, घर सांभाळत होती. तिने पत्र्याचं एक लांबट पात्र केलं, त्यावर आडवी पट्टी ठेवली आणि ती पट्टी सरकवून पाण्यावरचा थर दाबायची-पसरवायची सोय केली. तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना लिहिलेलं पत्र त्यांच्या शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापलं गेलं. आज न्यूट्रॉनच्या झोताखाली ठेवतात ते पात्र टेफ्लॉनचं असतं आणि पट्टी मोटरने सरकते, पण कल्पना तीच आहे. मला या सगळ्या इतिहासात ही बाई सर्वात जास्त आवडते.

हे रेणू पाण्यावर उभे का राहतात? ओलेइक आम्ल घ्या. शेंगदाण्याच्या तेलात ते भरपूर असतं, कोकमाच्या बियांच्या तेलातही असतं. या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, उरलेली लांब शेपटी पाण्यापासून पळते. मग डोकं पाण्यात आणि शेपटी हवेत, असे ते दाटीवाटीने उभे राहतात. साबणाचंही तसंच. फरक इतकाच की साबण पाण्यात विरघळतोही, त्यामुळे वर किती आणि आत किती हे सांगणं अवघड जातं.

मग न्यूट्रॉनच का?

जेटीवरचा डिझेलचा खेळ शेकडोपट लहान करायचा असेल, तर लाटही तितकीच लहान हवी. अणूच्या केंद्रात प्रोटॉनच्या जोडीला बसलेला, विद्युतभार नसलेला कण म्हणजे न्यूट्रॉन. जेम्स चॅडविक यांनी तो १९३२ मध्ये शोधला. इतर सूक्ष्म कणांसारखा तोही लाटेसारखा वागतो आणि त्याची लाट किती लांब हे वेगावर ठरतं. सेकंदाला ४०० मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षा जरासा जास्त वेग असलेल्या न्यूट्रॉनची लाट साधारण एक नॅनोमीटरची असते. आपल्याला हवी तेवढीच.

इतका संथ न्यूट्रॉन दहा मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षणाने तीन मिलिमीटर खाली येतो. हा फरक हिशेबात धरावा लागतो. कण इतका लहान, पण तोही फेकलेल्या दगडासारखा खाली वाकत जातो, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं होतं.

झोत पाण्यावर जवळजवळ आडवा सोडावा लागतो, अंश-दोन अंशांचा कोन करून. सरळ खाली सोडला तर न्यूट्रॉन पाण्यात निघून जातात. पण कोन पुरेसा लहान असला तर शुद्ध जड पाण्यावरून (ते काय असतं ते पुढे येतंच) सगळेच्या सगळे परततात. एक नॅनोमीटरच्या लाटेसाठी ही मर्यादा जेमतेम पाऊण अंशाच्या आसपास आहे. काचेवरून आणि धातूवरून न्यूट्रॉन असे परततात हे एन्रिको फर्मी आणि वॉल्टर झिन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं.

कोन वाढवत नेला, किंवा लाट लहान करत नेली, की परतणारे न्यूट्रॉन भराभर कमी होतात. अखेर दहा लाखांत एखादाच परततो. या घसरणीत मध्येच चढउतार दिसतात. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतलेल्या लाटा जिथे जुळतात तिथे चढ, उलट्या पडतात तिथे उतार. दोन चढांमधलं अंतर मोजलं की जाडी कळते. डिझेलचे रंग आणि ही रेषा, दोन्हींचं भौतिकशास्त्र एकच आहे.

थळचं जड पाणी

आता मुद्द्याची गोष्ट. हायड्रोजनला एक जुळा भाऊ आहे, ड्यूटेरियम. त्याच्या केंद्रात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉन जास्त असतो. रसायनशास्त्राला दोघे जवळजवळ सारखेच. समुद्राच्या पाण्यात साधारण सहा हजार चारशे हायड्रोजनमागे एक ड्यूटेरियम असतो. ज्या पाण्यात सगळेच हायड्रोजन ड्यूटेरियम आहेत ते जड पाणी. ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड असतं आणि जवळपास चार अंश सेल्सिअसलाच गोठतं. थळला खत कारखान्याच्या शेजारी जड पाण्याचा प्रकल्प १९८० च्या दशकापासून आहे. खतासाठी अमोनिया बनवताना लागणाऱ्या वायूतून तिथे ड्यूटेरियम वेगळा काढला जातो. अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हे पाणी लागतं, म्हणून हा उद्योग उभा राहिला. तवंग पाहण्यासाठी त्यातले चमचे-वाट्याच पुरतात.

न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनशी जवळपास देणंघेणं नसतं, तो थेट अणुकेंद्राशी बोलतो. आणि हायड्रोजन व ड्यूटेरियम यांच्याशी तो अगदी उलट वागतो. इतका उलट, की हिशेबात एकाला उणे चिन्ह लागतं आणि दुसऱ्याला अधिक. साध्या पाण्याचा आकडा किंचित उणे, जड पाण्याचा चांगलाच अधिक. मग दोन्ही पाणी मिसळलं तर मधे कुठेतरी शून्य येणारच. ते येतं शंभर भागांत सुमारे आठ भाग जड पाणी घातल्यावर. हे मिश्रण न्यूट्रॉनच्या दृष्टीने हवेसारखं असतं. पात्रात डोळ्यांना पाणी दिसतं, हाताला पाणी लागतं, न्यूट्रॉनला मात्र तिथे काहीच नसतं.

पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी काढली तर कोणाला दिसणार? तीच सारवलेल्या अंगणात काढा, लांबूनही उठून दिसते. इथे अंगणाचा रंग शास्त्रज्ञाच्या हातात असतो. शिवाय रांगोळीचाही, कारण तवंगाच्या रेणूतले हायड्रोजन काढून ड्यूटेरियम बसवता येतात. नुसती शेपटी रंगवायची की नुसतं डोकं, हेही ठरवता येतं. लपवलेल्या पाण्यावर ड्यूटेरियमवाला थर ठेवला की परतणारा प्रत्येक कामाचा न्यूट्रॉन थरातूनच आलेला असतो. पृष्ठावर किती रेणू आहेत हे मग थेट मोजता येतं. भांडी घासायच्या द्रावणात असतो तशा साबणजातीच्या एका रेणूला पृष्ठावर अर्ध्या चौरस नॅनोमीटरपेक्षाही थोडी कमी जागा लागते, हे अशा मोजणीतून पक्कं झालं.

माझ्या मते या पद्धतीची ताकद इथे आहे. ती वस्तू मोठी करून दाखवत नाही. नको ते नाहीसं करते.

तेल, ओझोन आणि ढग

एक प्रयोग जवळून बघू. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. तळणीच्या धुरातून आणि समुद्राच्या तुषारांतून स्निग्ध आम्लं हवेत जातात आणि पाण्याच्या बारीक थेंबांवर त्यांची साय धरते. साय धरलेल्या थेंबाचा पृष्ठताण कमी होतो आणि त्याला ढगातला थेंब होणं सोपं जातं. पण हवेत ओझोन असतो. तो ही साय टिकू देतो का?

अशा प्रयोगात पात्रात ते लपवलेलं पाणी भरतात, काठाच्या वर किंचित फुगेल इतकं, म्हणजे तिरका झोत काठाला अडणार नाही. ड्यूटेरियमवालं ओलेइक आम्ल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून बारीक सुईतून पृष्ठावर थेंब-थेंब सोडतात. क्लोरोफॉर्म उडून जातं, आम्ल पसरतं. वर झाकण बसवतात. पात्राखालचं टेबल हादरे शोषणारं असतं, कारण कोणी दार आपटलं तरी पाणी थरथरतं. पाणी वाफ होऊन खाली उतरतं, म्हणून त्याची उंची लेसरने सतत पाहावी लागते. मग झाकणाखाली ओझोन सोडतात आणि परतणाऱ्या न्यूट्रॉनची संख्या मिनिटामिनिटाला कशी घसरते ते बघत बसतात. ओलेइक आम्लाच्या शेपटीच्या मधोमध एक दुहेरी बंध असतो, ओझोन नेमका तिथे घाव घालतो. तुकडे आखूड झाले की त्यांची पृष्ठावरची पकड सुटते.

पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की पाणी शून्य अंशाच्या जवळ थंड असेल तर सगळी साय जात नाही, थोडी उरते. हवेत वर थंडीच असते, त्यामुळे ही बारीक गोष्ट महत्त्वाची. यातून उद्याचा पाऊस सांगता येईल असं मात्र कोणी समजू नये. ढगांच्या गणितातला हा एक आकडा आहे, इतकंच.

फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या आतूनही असाच एक स्निग्ध थर असतो. तो नसला तर वायुकोश मिटतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होतो तो बऱ्याचदा यामुळेच, आणि बाहेरून हे द्रव्य देऊन उपचार करतात. त्यातली मेदद्रव्यं आणि प्रथिनं थरात कशी बसतात हेही न्यूट्रॉनने पाहिलं गेलं आहे.

क्ष-किरणांनी भागत नाही का?

बरंचसं भागतं, आणि ते वापरतातही. क्ष-किरणांचे झोत कितीतरी प्रखर असतात, मोजणी झटपट होते आणि बारकावे जास्त दिसतात. पण त्यांना इलेक्ट्रॉन दिसतात. हायड्रोजनकडे तो एकच, आणि ड्यूटेरियमकडेही एकच. त्यामुळे अंगणाचा रंग बदलायची युक्तीच तिथे चालत नाही. शिवाय प्रखर क्ष-किरण नाजूक थराची मोडतोड करू शकतात. संथ न्यूट्रॉनची ऊर्जा खोलीतल्या हवेच्या रेणूंपेक्षाही कमी असते, त्याने रासायनिक बंध तुटत नाहीत.

किरणोत्सर्गाचं काय?

जड पाणी किरणोत्सर्गी नसतं. थळच्या नावाने जी भीती कधीकधी ऐकू येते तिच्यात हा घोळ असतो. तिथे काळजी घ्यावी लागते ती मुख्यतः रासायनिक कारखान्याची, अमोनियाची आणि ज्वालाग्राही वायूंची. न्यूट्रॉनच्या झोताखाली ठेवलेल्या नमुन्यात मात्र थोडा किरणोत्सर्ग येऊ शकतो. मिठातला सोडियम न्यूट्रॉन गिळून किरणोत्सर्गी होतो आणि दर १५ तासांनी निम्मा होत जातो. म्हणून नमुना मीटरने तपासल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.

फोटो का मिळत नाही?

हा आक्षेप रास्त आहे. हाती येते ती एक घसरती रेषा. तिच्यावरून थर कसा असेल याचा अंदाज बांधायचा, त्याची रेषा गणिताने काढायची आणि दोन्ही जुळतात का बघायचं. अडचण अशी की दोन वेगळ्या रचनांची रेषा सारखीच येऊ शकते. इथे पुन्हा जड पाणी कामाला येतं. तोच थर साध्या पाण्यावर मोजा, जड पाण्यावर मोजा, लपवलेल्या पाण्यावर मोजा, शेपटी रंगवून मोजा. चारही रेषांना एकच रचना लागू पडली तर ती खरी असण्याची शक्यता बरीच वाढते.

यात एक गृहीत दडलेलं आहे. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातल्याने थराचं वागणं बदलत नाही, असं धरलेलं असतं. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण काही हायड्रोजन पाण्याशी आपणहून अदलाबदल करतात, आणि जड पाणी साध्यापेक्षा थोडं दाटही आहे. चांगला संशोधक हे तपासून घेतो.

सरळ समुद्राचं पाणीच का ठेवत नाहीत?

ठेवता येईल, पण न्यूट्रॉन रेणूंची नावं सांगत नाही. तो सरासरी सांगतो, इतकी जाडी आणि इतकी घनता. समुद्राच्या सायीत शेकडो द्रव्यं असतात आणि त्यांत ड्यूटेरियम जवळपास नसतो. मग एकच वाट उरते. ती द्रव्यं वेगळी काढून जड पाण्यावर पसरायची, म्हणजे रांगोळी आहे तशी ठेवून अंगण बदलायचं. कुठली द्रव्यं आहेत हे दुसऱ्या यंत्राला विचारायचं.

तेलगळतीवर फवारतात ती द्रव्यं काम करतात तेल आणि पाणी यांच्या सीमेवर. ती सीमा पाहणं आणखी कठीण, कारण झोताला तेलातून तरी जावं लागतं किंवा पाण्यातून, आणि वाटेतच न्यूट्रॉन विखुरतात. त्यासाठी तेलाचा थर मुद्दाम अगदी पातळ ठेवण्याच्या क्लृप्त्या काढाव्या लागल्या.

हे ट्रॉम्बेला होतं का?

मुंबई बंदराच्या पलीकडे ट्रॉम्बेला ध्रुव ही १०० मेगावॉटची अणुभट्टी १९८५ मध्ये सुरू झाली. ती जड पाण्यावरच चालते, आणि तिच्यातून संशोधनासाठी न्यूट्रॉनचे झोत बाहेर काढलेले आहेत. तिथे न्यूट्रॉन परावर्तनाचं उपकरणही आहे. त्यावर मुख्यतः घन पृष्ठावरचे पातळ थर, विशेषतः चुंबकीय थर, अभ्यासले गेले आहेत. द्रवाची अडचण साधी आहे. सिलिकॉनची चकती हवी तशी उभी करता येते, कलवता येते. पाणी कलवता येत नाही. पाणी आडवंच राहणार, म्हणून झोत खाली झुकवावा लागतो, आणि विद्युतभार नसलेल्या कणाला वळवायचं म्हणजे आरसे लावूनच.

द्रवांसाठी झोत असा मुद्दाम झुकवलेली उपकरणं ऑक्सफर्डजवळच्या आयसिस केंद्रात (नावावरून दचकू नका, ऑक्सफर्डला थेम्स नदीला आयसिस म्हणतात) आणि फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या अणुभट्टीवर आहेत. स्वीडनमध्ये लुंड इथे उभारल्या जाणाऱ्या युरोपीय केंद्रातही असं एक उपकरण आखलेलं आहे. तिथे झोतावरचा वेळ विकत घ्यावा लागत नाही, अर्ज करून मागायचा असतो. अर्ज पास झाला तर काही दिवस मिळतात, त्यात रात्रपाळीही येते. भारतातले संशोधक तिकडे जाऊन काम करतातच. अर्जात पहिल्यांदा विचारतात ते हेच, की नमुन्यातलं काय रंगवणार आणि काय लपवणार. ड्यूटेरियम घातलेला रेणू बाजारात तयार मिळाला तर ठीक, नाहीतर तो बनवण्यातच महिनोन्‌महिने जातात.